तेव्हाचा पाच

९ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद नेहमीचेच. घरात घे, नाहीतर दाराबाहेर ठेव. फोन तू उचलत नाहीस. पत्रं मात्र परत येत नाहीत, म्हणजे कुणीतरी ती घेतं, आणि तुझ्या घरात तुझ्याशिवाय दुसरं आहे कोण? तेव्हा लिहिते.

आधी कामाचं. दादाच्या मुलाला तेच निघालंय, दादाला होतं तेच. प्रोस्टेटचा कॅन्सर. आपल्या घरात बायकांसमोर हा शब्द काढत नसत. दादा आजारी होता तेव्हा तुम्ही दोघं माझ्यादेखत 'खालचा त्रास' म्हणायचात, जसं काही खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूबद्दल बोलताय. आता मी म्हातारी झाले. मला लाज परवडत नाही.

पोरगा अजून पन्नाशीला टेकला नाही. कंपनीत सगळ्यांचं रक्त तपासलं, त्यात याचं काहीतरी वर गेलेलं दिसलं. मग सुईनं बारा ठिकाणचे तुकडे काढले, त्यातल्या दोन तुकड्यांत सापडलं. कागदावर सहा लिहिलंय. बाकी तब्येत ठीक आहे. जेवतो, खातो. काळजीचं काही नाही.

मी लिहितेय ते तुझ्यासाठी. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी पुरुष कोण? वहिनी फाईल चाळायला लागली. मी म्हटलं, याचा एक काका आहे, लांब असतो. तर म्हणाले, त्यांना तपासून घ्यायला सांगा, घरात दोघांना झालं की तिसऱ्यानं नुसतं बसून राहू नये. एवढंच माझं मागणं आहे. साधं रक्त द्यायचं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून जन्म काढलेला माणूस तू, सुईला भिणार आहेस थोडाच?

तू का गेलास ते मला उगाळायचं नाही. पण वगळून तरी कसं लिहू? दादाच्या कागदावर पाच होता, दहापैकी पाच. आपल्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला तू एकटा, म्हणून तो कागद तूच वाचलास, डॉक्टरांशीही तूच बोललास. ते म्हणाले, मवाळ दिसतोय, ऑपरेशन करा किंवा थांबून बघा, दोन्ही चालेल. तू दादाला म्हणालास, थांब. दादा थांबला, आणि तीन वर्षांत गेला. त्याला घरातून नेलं त्या दुपारी वहिनी सगळ्यांदेखत तुला म्हणाली, "तुझ्या पाचानं माझा माणूस खाल्ला." त्या संध्याकाळी तू गेलास तो गेलासच.

वहिनीला हे पत्र माहीत नाही. तपासून घे आणि एका ओळीनं कळव.

तुझी ताई


२ मार्च

बारक्या,

ओळ आली नाही. बरं. मीच लिहिते, मला काय, रोज सुईत दोरा ओवतेच, त्यात ही आणखी एक ओवणी.

मागच्या पत्रात भाचा जेवतो-खातो म्हणून लिहिलं ते खरं नव्हतं. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. दाढी वाढलीय. मधेच उठतो आणि बायकोला पाण्याचा मुख्य नळ कुठून बंद करायचा ते दाखवतो, लेकीला बल्ब बदलायला शिकवतो. त्या दोघी रडवेल्या तोंडानं शिकतात. डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं तर गेला नाही. मी विचारलं, का रे बाबा? तर म्हणाला, "आत्या, बाबांचा पाच होता, त्यांना तीन वर्षं मिळाली. माझा सहा आहे."

त्याच्याकडे बघून मला कळलं की आपण सगळेच हे धरून बसलो होतो. वहिनीनंसुद्धा कागदावरचा सहा पाहिला आणि कागद पालथा घातला. या घरात पाच म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला काय कळावं. वहिनी अजून टेबलावर पाच वाट्या मांडत नाही. चार मांडते, नाहीतर एक रिकामी धरून सहा. डॉक्टरांना वाटलं असेल, सहा ऐकून ही माणसं निर्धास्त होतील. आणि इथे तर घर बसलं.

मग मी माझ्या परीनं खटपट केली. लाँड्रीच्या मागच्या खोलीत अजून अर्धा दिवस रफू करते मी. ते तुकडे काचेवर बघून कागद लिहिणाऱ्या डॉक्टरीणबाई कपडे आमच्याकडेच टाकतात. त्यांच्या आईच्या शालीला कसर लागली होती, ती मी भरून दिली होती. त्या ओळखीवर त्यांच्या लॅबमध्ये गेले. चष्मा डोक्यावर सरकवून बोलणारी, चाळिशीची बाई. मी सांगितलं, असं असं आहे, बापाचा पाच होता तो मेला, लेकाचा सहा आहे, तो जेवत नाही.

त्यांनी विचारलं, "आजी, पाच कधीचा?"

मी म्हटलं, सव्वीस वर्षं झाली.

"मग तो पाच आणि हा सहा एका पट्टीवरचे नाहीत," त्या म्हणाल्या, आणि स्टूल ओढून बसल्या.

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहिते, चुकलं तर हसू नकोस. तुकड्यातल्या पेशी कशा रचलेल्या आहेत ते बघून एक ते पाच असा दर्जा देतात. जास्तीत जास्त दिसणारे दोन दर्जे घेतात आणि बेरीज करतात. म्हणून सगळ्यात कमी दोन, सगळ्यात जास्त दहा. तेव्हा ही अख्खी शिडी वापरायचे. पुढे जगभरच्या डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं, कोण जगलं, कोण गेलं, आणि त्यांना दिसलं की सुईच्या बारीकशा तुकड्यात एक नि दोन म्हणून लिहिलेलं भरवशाचं नसतं. अख्खी ग्रंथी काढून बघितली की तेच जास्त वाईट निघायचं. मग शिडीच्या खालच्या पायऱ्या काढून टाकल्या. आता मोजणी तीनपासून. तीन नि तीन सहा, म्हणजे सहा ही आता जमिनीला लागून असलेली पायरी. त्याहून खाली कुणाला लिहीतच नाहीत. शिवाय पूर्वी तीनात धरायचे त्यांतल्या काही रचना आता चारात गेल्या.

आणि 'दहापैकी सहा' ऐकलं की माणसाला वाटतं अर्ध्याहून जास्त बुडालो, म्हणून आता पाच गटही पाडलेत. आपला पोरगा पहिल्या गटात आहे. त्याला कापायचीही घाई नाही म्हणाल्या, नेमानं तपासत राहायचं.

मी उड्या मारत घरी आले. माझ्या गुडघ्यांनी जेवढ्या मारता येतात तेवढ्या. त्याला सगळं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. म्हणाला, आत्या, मला बरं वाटावं म्हणून तू कुठून कुठून काय काय आणतेस. आणि मग भिंतीकडे वळून, "तसं असेल तर बाबा पाचावर मेले कसे?"

हे बाईंनाच विचारायला हवं. उद्या पुन्हा जाते.

तू रक्त दिलंस का?

ताई


२८ मार्च

बारक्या,

आज बसून वाच. उभ्यानं वाचू नकोस.

दादाचे तुकडे सापडले. ते मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवून ठेवतात, आणि त्या हॉस्पिटलनं तळघरात सगळे जपून ठेवलेत, जुन्या फायलींच्या मागे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुन्हा बघता येईल, पण घरच्यांची सही लागेल. वहिनीला विचारायची माझी छाती झाली नाही. मी भाच्याला म्हटलं, मला उत्तर विचारतोस ना, मग ऊठ आणि सही कर. तो उठला. दाढी केली.

त्या ठोकळ्यांतून नवे पापुद्रे कापून रंगवले आणि बाईंनी बघितले. मलाही दाखवले. त्यांच्याकडे दोघांना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप आहे, शिकाऊ डॉक्टरांसाठीचा. बारक्या, मी दादाला एवढ्या जवळून कधी बघितलं नव्हतं. आधी त्यांनी धडधाकट जागा दाखवली. सुट्या सुट्या गोल नळ्या, प्रत्येकीला आपली कड, मधे मोकळी जागा. कुणी निगुतीनं विणलेल्या जाळीसारख्या. मग काच जराशी सरकवली. तिथे नळ्या एकमेकींत मिसळल्या होत्या, कुठली कुठे संपते ते कळत नव्हतं. मधेच चाळणीसारखी भोकं. माझ्या हातात असं कापड आलं तर मी मालकाला परत देते, यात धागा धरायला जागा नाही म्हणून.

त्या म्हणाल्या, "हे आजच्या नियमानं चार अधिक चार. आठ. पाच गटांतला चौथा."

मी विचारलं, म्हणजे तेव्हा लिहिणाऱ्यानं चूक केली?

त्यांनी काच पुन्हा मागेपुढे सरकवून बघितली. मग म्हणाल्या, थोडं नियमाचं आहे आणि थोडं नजरेचं. या चाळणीसारख्या नळ्या तेव्हाच्या पुस्तकात तीनात बसायच्या. सुईचे तुकडे मोजकेच असायचे, आणि एवढ्याशा तुकड्यावरून हात राखून लिहायची तेव्हा सगळीकडेच सवय होती. तुमच्या भावाला पाच मिळाला तसा त्या काळात कितीतरी जणांना मिळाला.

मी विचारलं, "आठ लिहिलं असतं तर जगला असता?"

"ते मला सांगता येणार नाही, आजी. कदाचित थोडा जास्त. कदाचित तेवढाच. फक्त थांबा असं कुणी म्हटलं नसतं."

खोटं बोलल्या असत्या तर मला त्या क्षणाला आवडलं असतं. पण बाई सरळ आहे.

भाचा बाहेर बाकावर होता. त्याला सांगितलं. 'बाबा आठ होते,' असं तो दोनतीनदा म्हणाला, शाळेतला पाठ म्हणावा तसं. मग म्हणाला, "आत्या, भूक लागलीय." बापाचं इतकं वाईट ऐकून लेकाला भूक लागावी. पण लागली, आणि मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लॅबच्या पायऱ्यांवर मला रडू आलं. असला सगळा गुंता.

आता तू ऐक. तू जो कागद वाचलास त्यावर पाचच होता. तू नीट वाचलास. दुसऱ्या कुणी वाचला असता तरी त्याला पाचच दिसला असता. हे तुला सांगायला मला एवढी वर्षं लागली, कारण मलाही माहीत नव्हतं.

ताई


१९ एप्रिल

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांत पहिलं अक्षर, आणि तेही चारच शब्द: 'वहिनीला हे सांगितलंस का?' अक्षर तेच आहे तुझं, मुंग्या शिस्तीत चालल्यासारखं. बोलणंही तेच, शब्दाला शब्द मोजून. मी ते कार्ड आरशाच्या कडेला खोचलंय.

सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. शांत होती.

छे, हे असं लिहून काय उपयोग. तू तिला ओळखतोस.

ती धुतलेले कपडे घड्या करत होती. मी डॉक्टरीणबाईंचा नवा कागद पुढे ठेवला, शिडीचं, पायऱ्यांचं सगळं सांगितलं. ती हातातला टॉवेल घडी करत राहिली, झाला की उलगडून पुन्हा घडी. मग म्हणाली, "पट्टी बदलली म्हणून माझा माणूस उठून बसणार आहे का?"

मी म्हटलं, वहिनी, तो नाही उठणार, पण जो जिवंत आहे त्याच्यावरचं ओझं तर उतरेल. तेव्हा तिनं टॉवेल ठेवला आणि म्हणाली, "मी इतकी वर्षं त्याच्यावरचा राग धरून उभी आहे. पोराचं लग्न केलं, घर चालवलं, सगळं त्या रागावर. तो तू काढून घेतेस. आता टेकू कशाला?"

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. भाच्याच्या हाती निरोप येतात, आत्याला म्हणावं भाजी निवडून ठेव. मी निवडून ठेवते.

भाचा कामावर जायला लागला. दर काही महिन्यांनी तपासायचं ठरलंय. परवा लेकीला ओरडला, दिवे चालू ठेवते म्हणून. माणूस दिव्यांवरून ओरडायला लागला की समजावं, जगायचा विचार आहे.

आता तुझं काय? तू वहिनीचं विचारलंस, दादाचं वाचलंस, स्वतःचं मात्र अवाक्षर नाही. मूग गिळून बसलायस. बारक्या, मी तुला कडेवर घेऊन फिरलेय. तू कधी काही लपवलंस ते मला आधी तुझ्या गप्पपणावरूनच कळायचं. काय लपवतोयस?

ताई


१० मे

गाढवा,

दुसरं काही सुचत नाही. तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा वहिनीनं माझ्या हातातून घेऊन वाचलं.

चौदा वर्षं. चौदा वर्षं तुला हे माहीत होतं. तूही सुया टोचून घेतल्यास, तुझ्याही कागदावर सहा लिहून आला, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की लहान आहे, सहा सहा महिन्यांनी दाखवत जा. आणि तू एकदाही गेला नाहीस. 'दादाला मी थांब म्हणालो होतो. मला तसं म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून मीच मला म्हणालो.' हे वाक्य लिहिताना तुझा हात कसा चालला?

आणि पुढचं तर त्याहून. तूही तोच हिशेब केलास, पोरानं केला तोच. दादाचा पाच तीन वर्षं पुरला, माझा सहा दोन वर्षं पुरेल. तू वाट बघत बसलास. 'तीन वर्षं झाली, ताई, तरी मेलो नाही. मग लाज वाटायला लागली.' जगल्याची लाज वाटते होय रे? मला एक पत्र टाकलं असतंस तर त्या लॅबच्या दारात मी तेव्हाच जाऊन बसले असते.

हिवाळ्यापासून पाठ दुखते, हत्यारांची पिशवी उचलत नाही, असं तू शेवटी एका ओळीत लिहिलंयस, हवापाण्याचं लिहावं तसं. मी ते डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. म्हणाल्या, ताबडतोब तपासा. आणि म्हणाल्या, चौदा वर्षांपूर्वीचा सहाही जपून वाचायला हवा. पहिल्या पायऱ्या त्याआधीच काढल्या होत्या, पण चाळणीसारख्या सगळ्याच रचना तेव्हा अजून चारात गेल्या नव्हत्या. त्या नंतर गेल्या. तेव्हाचा एखादा सहा आज सात लिहावा लागतो.

वहिनीनं पत्र वाचून घडी घातली आणि माझ्याशी बोलली, इतक्या दिवसांनी. एवढंच म्हणाली, "तू जाणार आहेस ना?"

भाचा मला गाडीत बसवून देतोय. शुक्रवारी पोचते. दार उघड. नाही उघडलंस तर जिन्यात बसेन, आणि तुझ्या शेजाऱ्यांना तुझ्या लहानपणीच्या गोष्टी सांगेन, एकूणएक.

ताई


१४ जून

बारक्या,

एकाच घरात राहून पत्र लिहायची वेळ आली. तू आतल्या खोलीत, मी स्वयंपाकघरात, मधे एक दार. पण तू बोलत नाहीस, आणि मी बोलायला लागले की रेडिओ लावतोस. म्हणून हे लिहून दाराखालून सरकवणार आहे.

काल डॉक्टर आपल्या दोघांना जे म्हणाले ते मी पुन्हा लिहिते, कारण तू खिडकीबाहेर बघत होतास. तुझ्या जुन्या काचा पुन्हा पाहिल्या. आजच्या नियमानं चार अधिक तीन, सात, तिसरा गट. तेव्हा हा नियम असता तर त्यांनी तुला दाखवत जा म्हणून सोडलं नसतं, उपचार घ्या म्हणाले असते. आता ते मणक्यात आणि कमरेच्या हाडात गेलंय. मुळातून जाणार नाही. इंजेक्शनं आणि गोळ्यांनी दबून राहील, काहींचं बराच काळ राहतं. ती घ्यायची की नाही ते तुझ्यावर आहे. उद्या सकाळी बोलावलंय.

दवाखान्याच्या जिन्यात तू एकच बोललास. "म्हणजे माझा सहाही खोटा." मी म्हटलं, खोटा नव्हता रे, तेव्हाचा होता. त्यावर तू हसलास, आणि ते हसणं मला आवडलं नाही. मग घरी येऊन म्हणालास, "आता कशाला?"

मला कळतं तू काय करतोयस. दादाला जे मिळालं तेच आपल्याला मिळावं म्हणून बसलायस. कुणी मागितलंय ते तुझ्याकडे? दादानं? दादा जाण्याच्या आदल्या आठवड्यात मला काय म्हणाला, तर बारक्याच्या सायकलला ब्रेक नाहीत, त्याला सांग. तू पन्नाशीकडे झुकलेला आणि त्याला तुझी सायकल दिसत होती. त्याच्या मनात तुझ्याबद्दल दुसरं काही नव्हतं.

आता दुसरं. तू दुपारी झोपला होतास तेव्हा वहिनीचा फोन आला. मी तुला उठवते म्हटलं तर नको म्हणाली, मी सांगते ते त्याला जसंच्या तसं सांग. मी कागद घेऊन बसले आणि ती बोलत गेली तसं उतरवलं. माझ्या पदरचा एक शब्द नाही यात:

"मी तेव्हा बोलले ते मागे घेत नाही. ज्या बाईचा नवरा गेला ती कुणाला तरी बोलणारच, तू जवळ होतास. पण तू आता असाच बसून मेलास तर लोक म्हणतील, हिनं दोन खाल्ले. आणि मीही तेच म्हणेन, रोज, भांडी घासताना. मला ते नको. औषध घे. माझ्यावर उपकार म्हणून घे. आणि ते घेऊन मग इथे ये, मला तुझं तोंड बघून काय वाटतं ते मलाही बघायचंय."

एवढं बोलून तिनं फोन ठेवला. रडली असेल तर नंतर, माझ्या कानावर नाही.

बारक्या, मी तुला जबरदस्ती करणार नाही. सत्तरी ओलांडलेली बाई तुला पाठीवर टाकून नेणार कशी? सकाळी मी तयार होऊन बाहेरच्या खोलीत बसलेली असेन. तू बूट घालून आलास तर आपण निघू. अनवाणी आलास तर मी चहा ठेवेन आणि पुन्हा विचारणार नाही. तुझ्याजवळ राहीन मात्र, शेवटपर्यंत. लाँड्रीवाल्याला तसं कळवलंय.

ताई


१५ जून

बारक्या,

तू आत आहेस. मी बाकावर बसून तुझ्या औषधाच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहितेय. हे तुझ्या हातात देईन की नाही ते माहीत नाही.

तू बूट घालून आलास. नाडी एकाच बुटाची बांधली होतीस, दुसऱ्यापर्यंत पाठ वाकत नव्हती. मी बांधली. तू वरून म्हणालास की गाठ सैल आहे. मी म्हटलं, जन्मभर गाठी मारूनच पोट भरलंय, शिकवू नकोस.

इथे नर्सनं विचारलं, पेशंटबरोबर कोण? मी म्हटलं, बहीण. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मलाच पेशंट समजून, तुमचं कुठलं इंजेक्शन, म्हणाली.

मघाशी डॉक्टर बाहेर आले होते, तू कपडे बदलत होतास. मी विचारायला तोंड उघडलं, किती वर्षं, आणि मिटलं. आकड्यांचा मला वीट आलाय. ते मात्र माझा चेहरा बघून आपणहूनच म्हणाले, उशीर झालाय आजी, मी खोटी आशा देणार नाही, पण दुखणं कमी होईल, चालता येईल. मी बरं म्हटलं. हे तुला तोंडानं सांगायचं मला जमणार नाही आणि लपवायचंही नाही. आपल्या घरात लपवण्यानं फार माणसं नेली.

दार जरासं उघडं राहिलंय. आत काय चाललंय ते दिसत नाही, पण ऐकू येतं. सुई टोचली तेव्हा तू हूं की चूं केलं नाहीस. नर्स म्हणाली, झालं, उतरा सावकाश. टेबल करकरलं. मला वाटलं तुला घेरी आली, उठणार होते.

आणि मग तुझा आवाज आला. "पुढचं कधी?"

नर्सनं तारीख सांगितली. तू ती पुन्हा विचारलीस, नीट ऐकू आली नाही म्हणून.